एलिझाबेथ व्हॅन ल्यू : शत्रूच्या राजधानीतली हेर

एलिझाबेथ व्हॅन ल्यू (१२ ऑक्टोबर १८१८ – २५ सप्टेंबर १९००) ही अमेरिकेच्या यादवी युद्धातली एक महत्त्वाची हेर. ती जन्माने दक्षिणेतली होती. दक्षिणेची राजधानी असलेल्या रिचमंड शहरात, एका श्रीमंत आणि गुलाम बाळगणाऱ्या घरात ती वाढली. तरीही युद्धात तिने काम केले ते उत्तरेसाठी. रिचमंडमध्ये राहूनच तिने हेरांचे जाळे उभे केले, कैद्यांना पळून जायला मदत केली आणि उत्तरेच्या सेनापतींना बातम्या पुरवल्या. युद्धाच्या चार वर्षांत ती एकदाही पकडली गेली नाही. पुढची ३५ वर्षे मात्र तिच्याच गावाने तिला वाळीत टाकल्यासारखे वागवले.

तिचे नाव निघाले की ‘वेडी बेट’ ही गोष्ट हमखास सांगितली जाते. ती वेडाचे सोंग घेऊन फिरायची, म्हणून तिचा कुणाला संशय आला नाही, अशी ही गोष्ट. प्रत्यक्षात तिला वाचवणारी गोष्ट वेगळी होती. ती काय, हे समजण्यासाठी आधी युद्ध आणि तिचे घर पाहावे लागते.

युद्ध कशावरून झाले?

१८६० साली अमेरिकेत सुमारे ४० लाख माणसे गुलामीत होती आणि त्यातली जवळपास सगळी दक्षिणेकडच्या राज्यांत होती. कापूस, तंबाखू, ऊस ही तिथली शेती गुलामांच्या श्रमावर चालायची. गुलामगिरी नव्या प्रदेशांत पसरू देऊ नये, असे म्हणणारा अब्राहम लिंकन नोव्हेंबर १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला आणि दक्षिणेतली राज्ये एकेक करून संघराज्यातून फुटू लागली. एकूण ११ राज्यांनी वेगळी चूल मांडली. जेफरसन डेव्हिस हा त्यांचा अध्यक्ष झाला. एप्रिल १८६१ मध्ये युद्धाला तोंड फुटले आणि ते १८६५ पर्यंत चालले. त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले.

या युद्धाची झळ आणि चमक मुंबईलाही लागली होती. अमेरिकेचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, तेव्हा हिंदुस्थानी कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये तो बाजार कोसळला आणि मुंबईतल्या अनेक पेढ्या बुडाल्या.

व्हर्जिनिया हे राज्य १७ एप्रिल १८६१ रोजी फुटले. लवकरच त्याची राजधानी रिचमंड हीच साऱ्या दक्षिणेची राजधानी झाली. उत्तरेची राजधानी वॉशिंग्टन तिथून जेमतेम १६० किलोमीटरवर. त्यामुळे युद्धाचा मोठा भाग या दोन शहरांच्या मधल्या पट्ट्यात लढला गेला आणि रिचमंडमध्ये काय चालले आहे, ही बातमी फार मोलाची ठरली.

घर आणि घरातली विसंगती

एलिझाबेथचे वडील जॉन व्हॅन ल्यू मूळचे उत्तरेतल्या न्यूयॉर्ककडचे. रिचमंडमध्ये येऊन त्यांनी लोखंडी सामानाच्या व्यापारात पैसा केला. आई एलायझा ही फिलाडेल्फियाचे एकेकाळचे महापौर हिलरी बेकर यांची मुलगी. चर्च हिल या उंचावरच्या वस्तीत, सेंट जॉन्स चर्चच्या समोर त्यांचा तीन मजली वाडा होता. पॅट्रिक हेन्रीचे स्वातंत्र्याविषयीचे गाजलेले भाषण १७७५ साली याच चर्चमध्ये झाले होते.

एलिझाबेथ शिकायला फिलाडेल्फियाला आजोळच्या माणसांत राहिली. गुलामगिरी हे पाप आहे, हा विचार तिच्या मनात तिथे पक्का झाला, असे मानले जाते. पण ती परतली ती गुलाम राबत असलेल्या घरात. रिचमंड हे तेव्हा गुलामांच्या खरेदी-विक्रीचे देशातले एक मोठे केंद्र होते. वडील १८४३ मध्ये वारले. त्यानंतर आईने आणि एलिझाबेथने घरातले सगळे गुलाम मुक्त केले, असे पूर्वी सरसकट लिहिले जाई. खरी गोष्ट इतकी सरळ नव्हती. युद्धाच्या तोंडावरही या घरात कायद्याने गुलाम असलेली माणसे होती. त्यातल्या काहींना त्यांनी स्वतंत्र माणसांसारखे राहू दिले, बाहेर काम करून कमवू दिले. व्हर्जिनियाच्या १८०६ च्या कायद्यानुसार मुक्त झालेल्या माणसाला वर्षभरात राज्य सोडावे लागे. त्यामुळे कागदोपत्री मुक्ती म्हणजे पुष्कळदा आपल्या माणसांपासून ताटातूट. ही अडचण खरी होती. तरी गुलामगिरीला पाप म्हणणारी बाई गुलामांच्या मालकिणीचे आयुष्य जगत होती, हेही तितकेच खरे.

तुरुंगाचे दार

जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या पहिल्या लढाईत उत्तरेचा पराभव झाला. शेकडो कैदी रिचमंडला आणून तंबाखूच्या गोदामांत कोंडले गेले. ४२ वर्षांची अविवाहित एलिझाबेथ तुरुंगाचा अधिकारी डेव्हिड टॉड याच्याकडे गेली आणि जखमींची शुश्रूषा करायची परवानगी मागू लागली. हा टॉड लिंकनच्या पत्नीचा सावत्र भाऊ. एका घरात दोन बाजू, हे त्या काळात नवे नव्हते. त्याने नकार दिला.

मग तिने वरची दारे ठोठावली. दक्षिणेचा अर्थमंत्री क्रिस्टोफर मेमिंजर याला तिने ख्रिस्ती धर्मातल्या दयेची आठवण करून दिली. रिचमंडच्या बंदोबस्ताचा प्रमुख जनरल विंडर याला स्तुतीने जिंकले. परवानगी मिळाली. मायलेकी अन्न, कपडे, औषधे, पुस्तके घेऊन तुरुंगात जाऊ लागल्या. शत्रूच्या सैनिकांचे लाड करणाऱ्या बायका म्हणून रिचमंडच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली, धमक्याही आल्या. त्यावर एलिझाबेथने दक्षिणेच्या जखमी सैनिकांनाही खाऊ-पिऊ पाठवायला सुरुवात केली आणि तुरुंगाच्या पुढच्या अधिकाऱ्याला, कॅप्टन गिब्जला, कुटुंबासह आपल्याच वाड्यात राहायला घेतले. ज्याच्या घरात तुरुंगाधिकारी बिऱ्हाडाला आहे, त्या घरावर संशय कोण घेणार?

तुरुंगात नेलेली पुस्तके परत यायची तेव्हा काही अक्षरांखाली टाचणीची बारीक छिद्रे असत. ती अक्षरे जोडली की निरोप तयार व्हायचा. पकडले गेलेले सैनिक रेल्वेने किंवा पायी रिचमंडपर्यंत येताना बरेच काही बघत: कुठे किती फौज आहे, तोफा कुठे आहेत, पहारेकरी आपापसांत काय बोलतात. खाद्यपदार्थांचे दुहेरी तळाचे भांडेही ती वापरायची. एकदा पहारेकऱ्याने ते भांडे तपासायचे ठरवले आहे असे कळल्यावर तिने पुढच्या खेपेला त्याच्या तळात उकळते पाणी भरून नेले आणि त्याचा हात पोळला, अशी एक गोष्ट आहे.

बातमी कशी जायची?

एकट्या बाईच्या धाडसावर हे काम चालले नसते. रिचमंडमध्ये उत्तरेशी निष्ठा राखून असलेली गोऱ्या-काळ्या माणसांची एक छुपी मंडळी होती. शेतकरी विल्यम रोली, व्यापारी चार्ल्स पामर, लोमन बंधू, तुरुंगात कैद्यांची हजेरी घेणारा कारकून इरॅस्मस रॉस हे त्यातले. रेल्वेचा एक वरिष्ठ अधिकारी सॅम्युअल रूथही उत्तरेला बातम्या देत होता. सैन्याचा माल न्यायच्या गाड्या आणि पुलांची दुरुस्ती तो शिताफीने रेंगाळत ठेवायचा.

निरोप पोहोचवण्याचे सर्वांत जोखमीचे काम मात्र बहुतांशी व्हॅन ल्यू घरातल्या कृष्णवर्णीय नोकरांनी केले. शहराबाहेर कुटुंबाचा मळा होता. तिथे भाजी-अंडी आणायला नोकर रोज ये-जा करत आणि पहारेकऱ्यांना त्याची सवय झाली होती. जोड्याच्या तळव्यात, अंड्याच्या रिकाम्या टरफलात चिठ्ठी जायची. रिचमंडपासून उत्तरेच्या छावणीपर्यंत अशी पाच ठाणी होती. एका ठाण्यावरून दुसऱ्यावर, असे करत कागद पुढे सरकायचा.

१८६३ च्या अखेरीस पळून गेलेल्या कैद्यांकडून उत्तरेच्या जनरल बेंजामिन बटलरला तिच्याविषयी कळले आणि तिचे काम त्याच्या सैन्याशी जोडले गेले. पत्रे घरगुती असत: भाचा मावशीला लिहितो, अमकीची तब्येत आता बरी आहे, वगैरे. खरा मजकूर ओळींच्या मधे अदृश्य शाईने लिहिलेला असे आणि आम्ल लावून ऊब दिली की उमटत असे. त्याशिवाय एक सांकेतिक लिपी होती. सहा आडव्या आणि सहा उभ्या ओळींचा चौकोन, त्यातल्या ३६ घरांत २६ अक्षरे आणि १० अंक. प्रत्येक अक्षरासाठी त्याच्या ओळीचा आणि रकान्याचा आकडा लिहायचा. चौकोन जवळ नसेल तर हाती लागतात फक्त आकडे. या चौकोनाचा कागद तिच्या घड्याळाच्या मागच्या झाकणात होता. तो सापडला तिच्या मृत्यूनंतर.

१८६४ : सर्वांत धोक्याचे वर्ष

जानेवारी १८६४ च्या शेवटी तिने बटलरला कळवले की रिचमंडमधल्या कैद्यांना दूर जॉर्जिया राज्यात हलवणार आहेत. सोडवायचे असतील तर आत्ताच या, आणि किमान ३० हजार घोडदळ घेऊन या, शत्रूला कमी लेखू नका. निरोप घेऊन गेला तो रोलीचा कोवळा मुलगा. बटलरने त्याच्याकडून सारे नीट विचारून घेतले आणि फौज धाडली. ती अपुरी होती, शिवाय एका फितूर शिपायाने बेत आधीच फोडला. हल्ला फसला.

तोवर लिबी तुरुंगातल्या कैद्यांनी स्वतःच तळघरातून भुयार खणले होते. ९ फेब्रुवारीच्या रात्री १०९ अधिकारी त्यातून बाहेर पडले. त्यातले ५९ उत्तरेच्या हद्दीत पोहोचले, ४८ पकडले गेले आणि दोघे बुडाले. पळालेल्यांपैकी काहींना एलिझाबेथच्या माणसांनी शहरातच लपवून ठेवले.

मार्चच्या सुरुवातीला उत्तरेच्या घोडदळाने रिचमंडवर पुन्हा छापा घातला. त्यात २१ वर्षांचा कर्नल उलरिक डालग्रेन मारला गेला. त्याच्याजवळ सापडलेल्या कागदांत शहर जाळून डेव्हिसला ठार मारायचा हुकूम होता, असे जाहीर होताच रिचमंड पेटून उठले. त्याच्या प्रेताची विटंबना झाली. अंगठीसाठी बोट कापले, लाकडी पाय काढून नेला आणि प्रेत गुपचूप पुरले. दफन पाहिलेल्या एका कृष्णवर्णीय माणसाने ती जागा लक्षात ठेवली होती. एप्रिलमधल्या एका रात्री एलिझाबेथच्या साथीदारांनी प्रेत उकरून काढले. दुसऱ्या दिवशी रोलीने ते गाडीत ठेवून वर पीचची रोपे रचली आणि पहाऱ्यातून गाडी सरळ हाकत नेली. शहराबाहेरच्या एका शेतात त्याला पुन्हा पुरले गेले. युद्ध संपल्यावर ते प्रेत त्याच्या वडिलांना मिळाले. यातून युद्धाच्या पारड्यात काहीच पडणार नव्हते. एका बापाला मुलगा परत मिळावा, एवढ्यासाठी या माणसांनी गळफासाचा धोका पत्करला.

जून १८६४ पासून युलिसिस ग्रँटच्या फौजेने रिचमंडच्या दक्षिणेला पीटर्सबर्गभोवती वेढा आवळला. आता एलिझाबेथच्या बातम्या ग्रँटचा गुप्तवार्ता प्रमुख जॉर्ज शार्प याच्याकडे जाऊ लागल्या: फौजांच्या हालचाली, तटबंदी, धान्याचे भाव, शहरातली उपासमार. रिचमंडहून मिळालेली सर्वांत मोलाची माहिती तिच्याकडून आली, असे ग्रँटने नंतर सांगितले.

मेरी रिचर्ड्स

या जाळ्यातले सर्वांत धाडसी नाव बहुधा मेरीचे. ती लहानपणी व्हॅन ल्यू घरात गुलाम होती. १८४६ मध्ये तिचा बाप्तिस्मा गोऱ्यांच्या सेंट जॉन्स चर्चमध्ये झाला. तेव्हा हे फारच दुर्मीळ होते. तिला शिकायला उत्तरेत पाठवले, पुढे १८५५ मध्ये आफ्रिकेतल्या लायबेरियात. तिथून १८६० मध्ये ती परतली, तेव्हा मुक्ततेचे कागद नाहीत म्हणून रिचमंडमध्ये तिला अटक झाली.

डेव्हिसच्या घरात मोलकरीण म्हणून शिरून तिने कागदपत्रे वाचली, ही तिची गाजलेली कथा. तिच्या नावापुढे ‘बाउझर’ हे आडनाव लावून ती कित्येकदा तिखटमीठ लावून सांगितली जाते. पण १८६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये दिलेल्या व्याख्यानांत मेरीने स्वतःच आपल्या हेरगिरीविषयी सांगितले होते. युद्धानंतर तिने जॉर्जियात मुक्त झालेल्या गुलामांसाठी शाळा चालवली. एलिझाबेथ पकडली गेली असती तर तिचे कूळ, तिचा पैसा आणि तिचे गोरेपण काही ना काही उपयोगी पडले असते. मेरीजवळ यातले काहीच नव्हते.

संशय आला, पण…

१८६४ च्या शरद ऋतूत सरकारने एलिझाबेथची चौकशी केली. तिची भावजय, जी नवऱ्यापासून वेगळी राहत होती, तिच्याविरुद्ध बोलली. ही बाई उत्तरेच्या बाजूची आहे, हे चौकशीत स्पष्ट दिसले. पण अधिकाऱ्यांचा निष्कर्ष काय, तर बायका बोलतात तसे ही बोलते. कृती काही दिसत नाही. कारवाई झाली नाही.

तिचे खरे कवच ते हेच. आपली मते तिने फारशी लपवली नव्हती. पण चांगल्या घरातली, वयाने पोक्त, देवधर्म आणि दानधर्म करणारी बाई राज्य उलथवणारे काम करू शकेल, ही कल्पनाच रिचमंडच्या पुरुषांना शिवली नाही. इतिहासकार एलिझाबेथ व्हॅरन हिने २००३ मध्ये लिहिलेल्या चरित्रात हेच दाखवले आहे: युद्धकाळात ती वेडाचे सोंग करत असे, याला आधार नाही. ‘वेडी’ हा शिक्का युद्धानंतरच्या कडवटपणातून आला. शिवाय ही गोष्ट गावाला सोयीची होती. एका शहाण्या, प्रतिष्ठित बाईने आपल्या नाकाखाली हे केले, असे मानण्यापेक्षा एका वेडीकडे आपले दुर्लक्ष झाले, हे मानणे सोपे.

रिचमंड पडल्यावर

३ एप्रिल १८६५ रोजी उत्तरेच्या फौजा रिचमंडमध्ये शिरल्या. माघार घेणाऱ्या दक्षिणी सैन्याने गोदामांना लावलेली आग शहरभर पसरली होती. एलिझाबेथने चोरून आणवलेला संघराज्याचा झेंडा आपल्या वाड्यावर फडकवला. त्यानंतर ती दक्षिण सरकारच्या कागदपत्रांच्या राखेत कामाचे काही उरले आहे का, ते शोधताना दिसली. ग्रँटने तिच्या रक्षणाला माणसे पाठवली आणि पुढे तो पत्नीसह तिच्याकडे चहालाही गेला.

पण पैसा संपला होता. कैद्यांचे अन्न, लाच, पळणाऱ्यांचा खर्च यांत कुटुंबाची पुंजी गेली होती. शार्पने १८६७ मध्ये तिला १५ हजार डॉलर द्यावेत अशी शिफारस केली; मिळाले ५ हजार. त्याआधी तिने युद्धखात्याकडून आपली पत्रे परत मागून घेतली होती. ती लोकांच्या हाती लागली तर आपले आणि साथीदारांचे गावात राहणे कठीण होईल, ही भीती. तिच्या कामाचा मोठा पुरावा असा तिच्याच हातून नाहीसा झाला.

मार्च १८६९ मध्ये ग्रँट राष्ट्राध्यक्ष झाला आणि पंधरवड्याच्या आतच त्याने तिला रिचमंडची पोस्टमास्तर नेमले. त्या काळात एखाद्या बाईला केंद्र सरकारात मिळू शकणाऱ्या मोठ्या जागांपैकी ही एक. आठ वर्षे तिने टपालखाते सुधारले आणि बायकांना व कृष्णवर्णीयांना नोकऱ्या दिल्या. गावाला दोन्ही खटकले. १८७७ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्षाने तिला काढले. पुढे वॉशिंग्टनमध्ये काही वर्षे कारकुनी केली, तीही सुटली. दरवर्षी कर भरताना ती निषेध नोंदवायची: मत देता येत नाही, मग कर कशाचा? अमेरिकेत बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये.

उतारवयात तिला जगवले ते बॉस्टनच्या काही कुटुंबांनी. युद्धात तिने ज्याला मदत केली होती त्या कर्नल पॉल जोसेफ रिव्हिअरच्या आप्तांनी आणि स्नेह्यांनी तिला नियमित रक्कम पाठवली. रिचमंडमध्ये मात्र तिच्याकडे कुणी येत नसे. २५ सप्टेंबर १९०० रोजी ती त्याच वाड्यात वारली. तिच्या थडग्यावरचा दगडही बॉस्टनहून आला. वाडा शहराने १९११ मध्ये पाडला. त्या जागी आज शाळा आहे.

हेर की निष्ठावंत?

स्वतः एलिझाबेथला ‘हेर’ हा शब्द मान्य नव्हता. आपल्याच देशासाठी, त्याच्या मान्य सीमांच्या आत राहून काम करणाऱ्याला हेर कसे म्हणता, असा तिचा सवाल होता. तिच्या लेखी देश एकच होता आणि त्याच्याशी द्रोह केला तो फुटून निघालेल्यांनी. रिचमंडच्या लेखी देश म्हणजे दक्षिण आणि द्रोही ती.

या वादाचा निकाल शहराने बराच काळ आपल्या पद्धतीने दिला. एलिझाबेथच्या हयातीतच, १८९० मध्ये, रिचमंडमध्ये दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली याचा प्रचंड पुतळा उभा राहिला, त्याच्या मागोमाग इतरांचे. तिचे घरही ठेवले नाही. अमेरिकी लष्कराने १९९३ मध्ये तिचे आणि १९९५ मध्ये मेरीचे नाव आपल्या गुप्तवार्ता विभागाच्या सन्मानयादीत घेतले. लीचा पुतळा सप्टेंबर २०२१ मध्ये उतरवला गेला.